विहिणीच्या गाण्यातली कापलेली ओळ

माय, सगळ्यात आधी आली ती जानेफळची विहीणबाई, माझ्या धाकट्या लेकीची सासू. बाराले येतो म्हणाली अन् नवालेच दारात. मी चुलीपाशी, केस मोकळे, भाकर तव्यावर. तिच्या मागून बचत गटातल्या दोघी आल्या, एक बोलभांड, एक गप्प. टेकायच्या आतच विहीणबाई म्हणते, "चहा मागून. आधी गाणी द्या. माह्या पोरीचं लगन आलं, अन् आमच्या गावात विहिणीले चिडवणारी एक बाई उरली नाही. सारा डीजेचा धिंगाणा!" गाणी म्हणजे तुझीच. नवरदेवाच्या आईले मांडवात बसवून पोरीकडच्या बायांनी म्हणायची ती. तू गेल्यावर ती फक्त माझ्यापाशी आहेत, अन् मी आता सत्तरीत. माझ्यासंगं गेली म्हणजे गेलीच.

माझी नात चिखलीच्या कॉलेजात शिकते, तीही घरीच होती. तिनं मागच्या महिन्यात माझा गातानाचा व्हिडिओ काढून विहीणबाईले धाडला होता. तिच्या मोठ्या फोनात तो दिसे, पण गटातल्या निम्म्या बायांपाशी बटणाचे फोन, त्यात काही वाजेना. बोलभांड म्हणते, "म्या तं सुनेकडून त्याचं नाव बदलून घेतलं, शेवटी एमपीथ्री लिहिलं, कार्डात टाकलं. तरी मुका तो मुकाच!" मी म्हटलं, "बाई, डब्यावर साखर लिहिलं म्हणून आतलं मीठ गोड होते काय?" नात इतकी हसली! म्हणे, "आजी, बिलकूल तेच. नाव बदलून नाही होत, आतला मालच बदला लागते." मग तिनं समजावलं. व्हिडिओच्या फाईलीत माझं तोंड, हात, मागची म्हैस, सगळं भरलेलं असते. एमपीथ्री केली की नुसता आवाज, हलका, कोणत्याही फोनात वाजते. मी म्हटलं, "म्हणजे तुरीच्या शेंगा पोत्यानं वाहण्यापेक्षा डाळ करून न्या." "हाव आजी!" दुसरीतून शाळा सुटलेली मी, अन् कॉलेजातली पोर मले हाव म्हणते. तुले हे ऐकायले पाहिजे होतं.

फाईल बदलायच्या आधी सगळ्यांनी एकदा व्हिडिओ ऐकला. फोनातली मी गाऊन राहिली, बाया टाळ्या पिटून राहिल्या, अन् ती ओळ आली, "विहीणबाईचा लेक लई गुणाचा, घरी येते आधार घेत भिंतीचा." विहीणबाई पोट धरून हसली. मी मात्र गप्पवालीकडं पाहिलं. तिनं पदर तोंडाशी नेला, पण हसायले नाही. डोळे खाली. मी ओळखलं, हिच्या घरी पिऊन भिंत धरून येणारा कोणी आहे.

तेव्हा तू आठवलीस. मी अकरा-बारा वर्षांची, उंद्रीच्या एका लग्नात तुझ्यामागं गात होते. विहीण लंगडत होती, अन् मी माझ्या मनानं तिच्या चालण्यावर ओळ जोडली. बाया हसल्या. तू मांडवामागं नेऊन असा चिमटा काढला की दंड आठ दिवस निळा. "खोट्यानं चिडवा लागते बे, खऱ्यानं नाही. खऱ्यानं माणूस रडते." अन् पाय धुवायच्या वेळी त्या बाईच्या त्याच पायावर पाणी घालायले मलेच बसवलं. लग्नाच्या आदल्या दिवशी तू वऱ्हाडातल्या बायांपाशी बसून विहिणीची सगळी चौकशी करायचीस. मले वाटे, चिडवायले माल जमा करते. तू तर सोडून द्यायच्या गोष्टी जमा करत होतीस. हे मले त्या पायावर पाणी घालताना समजलं.

आता फाईल कुठं चौकशी करते? ती या फोनातून त्या फोनात, कोणत्या मांडवात जाऊन वाजंल, अन् कोणाच्या घरचं खरं निघंल, काय सांगावं. मी नातीले म्हटलं, "ही ओळ काप. माहा सूर गेला तिथं."

विहीणबाई भडकली, "काऊन? सगळ्यात मजेची ओळ तेच तं आहे! अन् सूर कुठं गेला?"

"गेला म्हणजे गेला. माह्या मायचं गाणं आहे, बिघडलेलं नाही देत मी. घ्यायचं तं कापलेलं घ्या, नाही तं तुमचा डीजे आहेच."

ती फुगली, पण चहा प्यायली. नातीनं ओळ कापली, एमपीथ्री केली, विहीणबाईच्या फोनातला अन् कार्डातला जुना व्हिडिओ पुसला, कार्ड बोलभांडीच्या फोनात घातलं. अन् माय, त्या एवढ्याशा फोनातून तुझं गाणं खणखणीत वाजलं! म्हशीनं कान टवकारले. गप्पवाली पहिल्यांदा बोलली, "मावशी, मलेही द्या. माह्या पोरीच्या लग्नात लावतो." मी नातीले म्हटलं, हिले आधी दे.

हे काही कुठं धाडायचं नाही, वहीतच राहील, म्हणून सांगते. नात घरच्या फोनातला जुना व्हिडिओही पुसायले निघाली तेव्हा मीच तिचा हात धरला. त्या भिंतीच्या ओळीत माझा आवाज हुबेहूब तुझ्यासारखा निघाला आहे, तसा दुसरीकडं कुठंच नाही. दार लोटून ऐकते अन् एकटीच हसते. पुसायचं तर आहेच, कोणाच्या कानी पडायच्या आत. बाया आणखी गाणी न्यायले पुढच्या सोमवारी येतो म्हणाल्या आहेत.