जास्वंदीची जागा

विंडवर्डसाइड, सेबा
६ नोव्हेंबर १९८८

चि. एल्विन यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

टेलिफोनवर मी मुद्द्याला आले की नेमकी तुझी लाइन खराब होते, म्हणून लिहिते आहे. तुझ्या पर्यटन कचेरीचं माहितीपत्रक मिळालं. आईच्या घराचा फोटो छान आहे. खालचा मजकूर मात्र मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. म्हणे निवांत बाग आणि जवळच वाळूचा किनारा! अरे, तू याच बेटावर जन्मलास ना? वेल्स बेची वाळू उन्हाळ्यात येते आणि थंडीतल्या लाटा ती घेऊन जातात, हे काय शेजारच्या सेंट मार्टिन बेटावर गेल्यावर विसरलास? पाहुणे येणार डिसेंबरात. त्यांना मी काय, धोंडे दाखवू?

चौघा पाणबुड्यांची मला काळजी नाही. सकाळी फोर्ट बेहून होडीत बसतील, दुपारी भुकेले परत येतील आणि पाहिलेल्या माशांची लांबी जेवता जेवता वाढवत नेतील. प्रश्न आहे पाचवीचा. मिसेस पोलॉक पाण्यात उतरत नाहीत. आठवडाभर त्यांचं मन कसं रमवायचं ते ताई बघेल, असं परस्पर लिहून तू मोकळा झालास.

हा आठवडा नीट पार पडला तर घर भाड्याने चालवू, नाही तर तुझ्या त्या हॉटेलवाल्याला विकू, हा तुझा हुकूम पोचला. तो अंगणातल्या कबरी हलवूनच घर घेणार, हेही पोचलं. आई-बाबांना उचलून दुसरीकडे नेणं म्हणजे कपाट सरकवणं नव्हे. तेव्हा हा आठवडा मी पार पाडणारच.

तब्येतीला जप. तुझ्यावर चिडलेली, पण तुझीच,
ताई

फिलिप्सबर्ग
१२ नोव्हेंबर १९८८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शाळेत शिकवणं सोडून तुला इतकी वर्षं झाली तरी तुझी लाल शाई काही वाळली नाही. वाळूची चूक कबूल. ती सुट्टीवर गेली आहे असं सांग बाईंना.

पण खरी अडचण दुसरीच आहे. अमेरिकन माणसाला अंगणात कबरी बघायची सवय नसते. सकाळी कॉफीचा पेला घेऊन तो बाहेर येणार आणि समोर आपले आई-बाबा! तू असं कर, पुढे जास्वंदीची रोपं लाव. बाबांच्या चौथऱ्यावर एखादी चादर पसर, वर कुंड्या ठेव. बाबा काही बोलायचे नाहीत.

रागावू नकोस. आई गेली त्या दिवशी वाऱ्यामुळे विमान उतरलं नाही. मी विमानतळावर बसून राहिलो आणि तिकडे तुम्ही तिला मातीत ठेवलंत. तेव्हापासून तिकडे यायला पाऊलच उचलत नाही. जिथे मी येत नाही, ते घर मी कशाला ठेवू?

तुझी बोलणी खायची सवय आहेच. ती चालू ठेव.
एल्विन

विंडवर्डसाइड
२० नोव्हेंबर १९८८

चि. एल्विन यास,
आशीर्वाद.

चादर पसरणार नाही. बाबांनी जन्मभर कोणापासून तोंड लपवलं नाही, ते आता लपवतील का?

जास्वंदीची चार रोपं मात्र लावली, कारण तू सांगितलंस. अंगणात एकच मोकळा तुकडा होता, तिथे लावली. गुडघ्याएवढीही नाहीत. कोंबडीसुद्धा त्यांच्याआड लपणार नाही.

मिसेस पोलॉकसाठी डोंगराची चढण, शेजारच्या कॉर्नेलियाकडे सुईचं जाळीकाम आणि माझ्याकडे मसाल्याची रम असा बेत आखला आहे. बाकी देवाच्या हाती आणि थोडं तुझ्या माहितीपत्रकाच्या.

कळावे. माया आहेच, ती पत्रागणिक मागू नये.
ताई

विंडवर्डसाइड
११ डिसेंबर १९८८

चि. एल्विन यास,
आशीर्वाद.

पाहुणे आज गेले. आता बसून सगळं सविस्तर वाच.

तुझ्या मिसेस पोलॉकनी मला जेरीस आणलं. पहिल्या दिवशी डोंगर चढायला निघालो, तर ढग खाली आला. वर जाऊन काय दिसेल, असं त्यांनी विचारलं. आज काहीच नाही, असं मी खरं ते सांगितलं. त्या तिथूनच परत फिरल्या. दुसऱ्या दिवशी जाळीकाम. तिसरा टाका चुकल्यावर कॉर्नेलियाने त्यांच्या हातातली सुईच काढून घेतली आणि म्हणाली, बाई, तुम्ही नुसतं बघा. मग त्यांनी किनाऱ्याचा हट्ट धरला. वेल्स बेला नेलं. त्यांनी धोंड्यांकडे पाहिलं, माहितीपत्रकाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. उभ्या आयुष्यात मी मुलांना मान खाली घालायला लावली. त्या दिवशी माझी गेली.

त्यात धुकं इतकं, की दोन दिवस बाई बाबांवर बसून कॉफी पीत होत्या. त्यांना तो बाक वाटला. तिसऱ्या सकाळी ऊन पडलं आणि त्यांनी नाव वाचलं. किंकाळी चर्चपर्यंत गेली.

घर बदलून पाहिजे म्हणाल्या. माझ्याकडे आणलं, तर त्यांच्या खिडकीखाली तुझे मेहुणे, माझे क्लिफ्टन. कॉर्नेलियाकडे नेलं, तर दारातच तिचे सासू-सासरे. या बेटावर मेलेल्यांना दुसरी जागाच नाही का, असं त्यांनी रडकुंडीला येऊन विचारलं. घरची माणसं घरीच असतात, एवढंच मी म्हटलं. शेवटी खाली बंदरात, पाणबुड्यांच्या दुकानावरच्या खोलीत पोचवलं. तिथे कोणी पुरलेलं नाही, पण नळकांड्यांत हवा भरायचं यंत्र दिवसभर कोकलतं. संध्याकाळी बाई सामानासकट परत आल्या. निदान ही दोघं शांत तरी असतात, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी कबरींना द्यायचा नाताळचा चुना कालवून अंगणात बसले. बाई आल्या आणि त्यांनी ब्रश मागितला. हात चांगला आहे. अक्षरांच्या कडेने एक थेंब सांडला नाही. आईबद्दल विचारत होत्या. हौदातलं पाणी कोणी वाया घालवलं की ती कशी ओरडायची ते सांगितलं. त्यानंतर बाईंची अंघोळ आटोपशीर झाली.

आई आणि भिंतीच्या मध्येच ही जास्वंद का, असंही त्यांनी विचारलं. ती माझ्या भावाची जागा, असं सांगितलं. मी क्लिफ्टनच्या शेजारी जाणार, म्हणून आईने ती तुझ्यासाठी राखली होती. बाईंनी ब्रश बुडवला, निथळू दिला आणि विचारलं, की मग घर घेणारा तुमच्या भावालाही सोबत हलवणार आहे, की त्यांची सोय वेगळी करायची आहे. प्रश्न तुझ्याकडे पाठवते आहे.

पोलॉक मंडळी पुन्हा येणार म्हणतात, उन्हाळ्यात, वाळू असताना, आणि याच घरात. तुझी अट मी पुरी केली. तरी विकायचं असेल तर वीक, पण आधी येऊन आपली जागा बघून जा.

उत्तर लवकर लिही. वाट पाहायचं माझं वय नाही.
ताई

फिलिप्सबर्ग
१६ डिसेंबर १९८८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हॉटेलवाल्याला नाही म्हणून कळवलं. त्याने कारण विचारलं. तिथे माझं आरक्षण आहे, असं सांगितलं. त्याला ते कळलं नाही, बरंच झालं.

माहितीपत्रकातून वाळू काढून टाकली आहे. तिच्या जागी छापलं आहे, की बागेत यजमानांचे आई-वडील असतात, त्यांच्यावर बसू नये.

नाताळच्या आधी येतो. वारा असला तर होडीने येतो. ती जास्वंद तेवढी कुंपणाकडे हलव. मला घाई मुळीच नाही, पण मुळं खोल गेली की निघता निघत नाहीत. आणि चुना थोडा शिल्लक ठेव. आईच्या पायथ्याकडची बाजू रंगवली असलीस, तर तिच्यावर दुसरा हात मी मारीन.

ओरडायला गळा राखून ठेव. समोर उभा राहून ऐकतो.
तुझा,
एल्विन