पदराआड

सिंदेवाही,
ता. ११ फेब्रुवारी

ती. गुणावहिनी,

नमस्कार. इकडे धान घरात आलं. तुमचा गुडघा कसा आहे? तलावावर जाळं काढायला एकट्या जाऊ नका, सूनबाईला सोबत न्या.

देवानंदभाऊच्या तेरवीला मी आले, पण तुमच्या गळ्यात पडून रडले नाही. पदर तोंडाला लावून दारातच उभी राहिले, न जेवता निघाले. मागून तुमचा शब्द कानावर आला, "सख्खी बहीण हाये म्हणे." राग नाही. कोणीही तेच म्हटलं असतं.

माझं मनगट मोडलं तेव्हा हाडं ठिसूळ निघाली. त्यासाठी वर्षातून एकदा सलाईनमधून औषध घेत होते. पावसाळ्यात दाढ काढायला गेले. काही औषध चालू आहे का, असं दातांच्या डॉक्टरांनी विचारलं. मी नाही म्हटलं. रोजची गोळी नव्हती, त्यामुळे ते औषध आहे असं मनातच आलं नाही. दाढेची जागा भरलीच नाही. जबड्याचं हाड उघडं पडलं, पू येतो, आणि वास. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, कॅन्सर नाही, त्या औषधाने क्वचित असं होतं. मेलेला तुकडा काढावा लागेल. तोवर गोळ्या आणि गुळण्या.

घरातही कोणाला सांगितलं नव्हतं. अंगणवाडीत सारी नोकरी मुलांना दात घासायला शिकवण्यात गेली. कोणत्या तोंडाने सांगू?

आणखी एक आहे. फोनवर बोलता आलं नसतं.

भाऊबीजेला भाऊ लकव्याने खाटेवर होता. तुम्ही चुलीजवळ होता. मी तोंडावर पदर धरून, हात लांब करून ओवाळलं. टिळा भुवईवर लागला. तो हळूच म्हणाला,

"माह्या अंगाचा वास येऊन राह्यला का तुले?"

मी नुसती मान हलवून नाही म्हटलं. पदर काढला नाही. त्याने तोंड भिंतीकडे केलं.

त्या दिवसापासून तो तुम्हाला सकाळ-संध्याकाळ अंग पुसायला लावत होता, थंडीतही, हे मला तेरवीला सूनबाई चंचलकडून कळलं. मग तुमच्या गळ्यात कशी पडू?

तुम्ही त्याला स्वच्छ ठेवलं होतं, वहिनी. वास माझ्या तोंडाचा होता. हे त्याच्या फोटोसमोर एकदा वाचा.

सोमवारी तुकडा काढणार आहेत. जखम भरली की येईन. दारातच थांबवलं तरी थांबेन, पदर न लावता.

तुमची नणंद,
प्रेमिला