सतराव्या भागातला झगा

प्रिय दादा,

'परतीचा ग्रह' मालिकेचा बाविसावा भाग पाहिला. असला भंगार भाग आपण लहानपणी श्वास रोखून पाहिला होता याची आज लाज वाटली. यानावर उल्का आदळते म्हणून सगळे धडाधड डावीकडे कलंडतात आणि कप्तानाच्या टेबलावरचा पाण्याचा पेला जागचा हलत नाही. डॉक्टरीणबाईंचा कोपर मागच्या भिंतीला लागतो तर अख्खी भिंत लटपटते. परग्रहावरचे लोक म्हणून पुन्हा तेच टोपलीडोके आलेत, या वेळी टोपली उलटी घातलीय एवढाच फरक. मी दहापैकी तीन गुण दिले, तेही शेवटच्या निरोपाच्या प्रसंगाची दया येऊन. तुझा मेसेज दुपारीच आला होता. संवाद बरे होते, संगीत फार झालं, यानाच्या दाराचा आवाज मागच्या भागापेक्षा वेगळा होता, सहा गुण. दादा, तू, आणि त्या भिंतीबद्दल एक अक्षर नाही? माझ्या मनात पाल चुकचुकली. खरं तर ती गेले पाच आठवडे चुकचुकतेय. तू माझ्यापासून काहीतरी लपवतोयस, आणि ते काय आहे हे कळल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी संशयी आहे हे तू चारचौघांत हसून सांगतोस. एकतीस वर्षं परीक्षेच्या वर्गात बाकांमधून येरझाऱ्या घातल्या की माणूस असाच होतो. कॉपी करणारा मुलगा मी पाठीवरून ओळखायचे, पण पकडायचे ते उत्तरपत्रिकेतून. ज्या प्रश्नावर पोरगा एरवी पानभर लिहितो तिथे तो दोन ओळींत आटोपता झाला, की तिथे पाणी मुरतंय असं समजायचं. तुझे मेसेज मी तसेच तपासलेत, एकामागून एक, चष्मा पुसून पुसून. हातात लाल पेन नव्हतं एवढंच.

'परतीचा ग्रह' आपण पहिल्यांदा पाहिली ती शेजारच्यांच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर, दाराशी बसून. टोपलीडोक्यांच्या सम्राटाचा तो पायघोळ झगा कुठल्या रंगाचा असेल यावरून आपण किती भांडलो! तू म्हणायचास हिरवा, मी म्हणायचे तपकिरी. एकदा आईने दोघांनाही बदडलं तरी तू कण्हत कण्हत हिरवाच म्हणालास. पुढे तू पेंटर झालास, गावभरच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्यास, आणि पहिल्यांदा मनासारखा हिरवा घोटलास तेव्हा मला मुद्दाम बोलावून दाखवलास. हाच तो, म्हणालास. मी तेव्हाही मानलं नाही. म्हणून या वर्षी सगळे भाग रंगीत बघायला मिळतायत असं कळल्यावर तू लहान मुलासारखा फोनवर ओरडलास. दर रविवारी एक भाग, तू तुझ्या घरी, मी माझ्या घरी, आणि मग परीक्षण. पहिल्या आठ भागांची तुझी परीक्षणं पोस्टाने आली, चार-चार पानी. तिसऱ्या भागातलं आकाश रंगवणाऱ्याच्या ब्रशचे फराटे दिसतात म्हणून तू त्याला काय काय नावं ठेवली होतीस! मी ते पान अजून उशाशी ठेवलंय. मग हात दुखतो म्हणालास आणि मेसेज सुरू झाले. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही, सरळ बोललेली वाक्यं. तू फोनशी बोलतोस आणि तो लिहून घेतो हे मला लगेच कळलं. हात दुखत असेल, म्हटलं.

आधी वाटलं तू कंटाळलास, भाग न बघताच काहीतरी ठोकून देतोस. पण अकराव्या भागातला डॉक्टरीणबाईंचा लांबलचक संवाद तू शब्द न् शब्द लिहून पाठवलास. मग वाटलं कुणीतरी लिहिलेलं उचलतोयस. तेही जमेना, कारण टोपलीडोक्यांच्या भाषेतली शिवी तू जशी नक्कल करून सांगतोस तशी दुसरं कुणी सांगूच शकत नाही. म्हणजे तू ऐकत होतास, कान टवकारून ऐकत होतास. दारं, पावलं, संगीत, खोकले, सगळं तुझ्या परीक्षणात होतं. रंग मात्र नवव्या भागानंतर एकही नव्हता. रंगावर जगलेल्या माणसाच्या लिहिण्यात रंग नाही, हे मला एखाद्या कोऱ्या उत्तरपत्रिकेसारखं खुपायला लागलं.

आणि मग सतरावा भाग आला. सम्राट पहिल्यांदा रंगीत आला. मी सकाळपासून फोनजवळ बसले होते, तू आता फोन करणार, जिंकल्याचा नाहीतर हरल्याचा गोंधळ घालणार म्हणून. तुझा मेसेज आला की सम्राटाचा आवाज उगीच घोगरा केलाय. बस्स. तेव्हा मी जे केलं त्याची मला लाज वाटते, पण मास्तरणीची खोड कुठे जाते? मी लिहिलं, दादा, हरले बाबा, झगा हिरवाच निघाला. तू लगेच उत्तर पाठवलंस, बघ, पन्नास वर्षं सांगत होतो. दादा, तो झगा तपकिरी आहे. चांगला ठसठशीत तपकिरी, आंधळ्यालाही...

हा शब्द मी खोडणार होते. राहू दे, आता लिहिला आहे.

तरी पाच आठवडे माझ्या मनाला पटेना. परवा मी वहिनीला फोन केला, उगाच, हवापाण्याच्या गप्पांसाठी. तुझ्याबद्दल काहीच विचारलं नाही. ती बिचारी हसत हसत सांगत होती की दादा हल्ली फार प्रेमळ झालेत. ती स्कूटरवर मागे बसली की सिग्नलपाशी विचारतात, सांग बघू, लाल की हिरवा? म्हणे तुझं लक्ष आहे की नाही ते बघतो. समोर बस उभी आहे का, तो माणूस रस्ता ओलांडतोय का, सगळं विचारतात. आता आम्ही दोघं मिळून स्कूटर चालवतो, म्हणाली, आणि इतकी खूश होती की तिला फोनवर खरं सांगायला मी धजले नाही. तू तिला मागे बसवून रोज बाजारात नेतोस, दादा. तुला काही झालं तर झालं, असं तू स्वतःपुरतं ठरवलं असशील. तिला कुठे विचारलंस? आपल्या आबांच्या डोळ्यांचंही असंच झालं होतं. खोलीत उजेड कमी आहे, खोलीत उजेड कमी आहे म्हणत राहिले, आणि बोलले तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. तुझ्यात अजून काही उरलं असेल तर ते मला वाचवायचंय.

मेसेज केला असता तर फोनने तो तुला कानात वाचून दाखवला असता आणि तू एखादा विनोद करून वेळ मारून नेली असतीस. म्हणून हा कागद. अक्षर मुद्दाम बारीक आणि गिचमीड काढलंय, तू भिंग धरलंस तरी ते लागणार नाही, आणि फोनलाही वाचता येणार नाही. बाविसाव्या भागाचं परीक्षण आहे म्हटल्यावर तुला ते ऐकल्याशिवाय राहवणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि त्या घरात वाचून दाखवायला दुसरं आहे कोण? वहिनी, हे पत्र पहिल्या ओळीपासून तुझ्यासाठी आहे. तो म्हणेल हिला संशयाचं वेड लागलंय, पुरे कर वाचणं. पुरे करू नकोस. आधी ऊठ, स्कूटरची किल्ली घे आणि तुझ्याकडे ठेव. तो बसलाय तिथेच बसून राहील, घाबरू नकोस. मी शनिवारी येतेय, सोमवारी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. त्याच्यावर ओरडायचं असेल तर मी येईपर्यंत थांब, आपण दोघी मिळून ओरडू. तोवर जरा त्याचा हात धर, वहिनी. इतके महिने तो एकटाच घाबरत असणार.

तुझीच, आणि आज वहिनीची जास्त,
धाकटी