तीस बायकांनी शिकवलेलं यंत्र

इस्फारा, ३ सप्टेंबर

ति. गुलअंदाम आपास,
सोर्बोनचा सादर सलाम. वि. वि.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही, म्हणून शोदी टॅक्सीवाल्याच्या हाती हे पत्र खुजंदला धाडतोय. बातमी मोठी आहे. दुशान्बेला उद्योजकांच्या मेळाव्यात जो तो एआयबद्दलच बोलत होता. म्हटलं, आपलाच कारखाना मागे का? सुके जर्दाळू निवडणारं यंत्र घेतलं! त्याला कॅमेऱ्याचे डोळे आहेत. चांगलं कोणतं, किडकं कोणतं, हे कालपासून आपल्या निवडणाऱ्या बायकाच त्याला शिकवतायत. तीसही जणी पडद्यावरचे फोटो बघून हिरवं नाहीतर लाल बटण दाबतात. महिन्याभरात ते शिकेल, मग चौघी पुरतील. बायकांना मी एवढंच सांगितलंय, की तुमची नजर तपासतोय. उगाच रडारड नको.

बावीस वर्षं तुम्ही त्या निवडायच्या टेबलापाशी उभ्या होतात. तुमच्या दुखऱ्या गुडघ्यांचा सूड घेतला म्हणा!

माया आहे तशीच राहू द्या.
तुमचा सोर्बोन

खुजंद, ६ सप्टेंबर

चि. सोर्बोनास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. हातातला चहा गार झाला. आधी वाटलं, माझा चष्माच चुकतोय.

सगळ्यांनी यंत्र घेतलं म्हणून तू घेतलंस, हे कळलं. आपली अडचण काय होती, ते पत्रभर कुठे लिहिलेलं नाही. आणि ज्यांची कामं जाणार, त्यांनाच फसवून त्यांच्याकडून यंत्राला शिकवून घ्यायचं? आपली आई अंथरुणाला खिळली तेव्हा जेबुनिसाने वर्षभर तुला आपल्या मुलांबरोबर जेवू घातलं. आज ती त्या बायकांची मुकादम आहे. तिच्या डोळ्यांत बघून तू हे सांगितलंस? माझा विश्वास बसत नाही.

खरं काय ते तू स्वतः त्यांना सांग, आणि सांगितलंस की मला कळव. पोटाला वेळेवर खात जा.

तुझी आपा

इस्फारा, १० ऑक्टोबर

ति. आपास,
सादर सलाम. वि. वि.

मधे उत्तर लिहिलं नाही, माफ करा.

यंत्र सुरू झालं तेव्हा वेग बघून आम्ही टाळ्या वाजवल्या. बायकांना सुट्टी देऊन टाकली आणि पहिला ट्रक रीगाला गेला. परवा तिथल्या व्यापाऱ्याने फोटो पाठवले. खोक्याखोक्यांत किडकी फळं! आणि आपली सोन्यासारखी फळं? ती यंत्राने टाकाऊ ठरवली. गल्लीतल्या मेंढ्या आठवडाभर पहिल्या प्रतीचे जर्दाळू खातायत.

यंत्र बसवणारा इंजिनियर म्हणतो, यंत्र बिघडलेलं नाही. पहिले दहा दिवस बटणं बरोबर दाबली गेली. अकराव्या दिवसापासून तीसही जणींनी भोक पडलेल्या फळाला हिरवं दाबलं आणि चांगल्याला लाल. जेबुनिसाला बोलावलं. रुमालाची गाठ आवळत ती शांतपणे म्हणाली, की त्यांना शिकवायला कुणी सांगितलंच नव्हतं, नजर तपासायची होती, ती तपासली गेली.

यांना सांगितलं कुणी? हे त्या इंजिनियरचंच काम. उद्या त्याला आणि तिसांनाही कायमचं काढतो.

सोर्बोन

खुजंद, ११ ऑक्टोबर

चि. सोर्बोनास,
अ. उ. आ.

कुणाला काढू नकोस. त्यांना मी सांगितलं.

सहा दिवस तुझ्या उत्तराची वाट पाहिली, मग त्याच शोदीच्या हाती जेबुनिसाला सगळं लिहून चिठ्ठी दिली. तिने जाऊन तुला जाब विचारावा, एवढंच माझ्या मनात होतं. त्या असं काही करतील हे स्वप्नातही नव्हतं. तीस बायका, वीस दिवस, आणि एकीचाही हात चुकला नाही! किडक्या फळाला हिरवं दाबायला त्यांचे हात कसे धजले असतील? त्यांना एवढं टोकाला आपण दोघांनी नेलं. तू खोटं बोलून, मी तुझ्यामागून बोलून.

काढायचंच असेल तर आधी मला नात्यातून काढ. नाहीतर जा, त्यांच्यासमोर उभा राहा.

अपराधी,
तुझी आपा

इस्फारा, २ नोव्हेंबर

ति. आपास,
सलाम. वि. वि.

तुम्हाला लिहिलेली तीन पत्रं फाडली. तुम्ही? माझी आपा? अजून खरं वाटत नाही.

शेवटी सगळ्यांना बोलावून खोटं बोललो ते कबूल केलं. कुणी रडलं नाही. मग जेबुनिसाने विचारलं, की हे यंत्र नक्की कशासाठी हवंय. अख्ख्या मेळाव्यात हे कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. बायकाच सांगू लागल्या. ऑगस्टमध्ये माल एकदम येतो आणि निवडायची वाट बघत खराब होतो. तेव्हा पहिली चाळणी यंत्राने करावी, शेवटची नजर त्यांची. कुठल्या बागेतून कीड येते तेही त्याने टिपावं, म्हणजे बागवानाला वेळेत सांगता येईल. कुणाचं काम जाणार नाही असं लिहून सही केली, तेव्हा त्या यंत्राला नव्याने शिकवायला पडद्यापाशी बसल्या. रीगाचा व्यापारी मात्र गेला तो गेलाच. दोघी परत आल्या नाहीत. त्यांच्या दारी जाऊन आलो, दार उघडलं नाही.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही. तुम्ही या. इतक्या लांबून रागावता येत नाही.

तोवर लोभ आटू देऊ नका.
तुमचा सोर्बोन