समुद्राकाठचा रस्ता एकतीस तारखेनंतर बंद

नारायण पेठ, पुणे
रविवार, दुपारचा चहा व्हायचा आहे

रा. रा. श्रीनिवासराव यांस,

दीनानाथाचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे उभ्याउभ्याच घातला आहे, गोड मानून घ्यावा). आपली प्रकृती, वहिनींची कंबर आणि कोथरूडचं पाणी ही तिन्ही ठिकाणावर असतील अशी आशा करतो. आपली धाकटी बहीण आणि माझी सौभाग्यवती आनंदी खुशाल आहे. एकाच शहरात राहून पत्र कशाला, असं आपल्या मनात येईल. पण फोनवर आपण दोन वाक्यांनंतर "बरं, ठेवू?" म्हणता, आणि माझं दुखणं दोन वाक्यांत मावणारं नाही.

गेल्या दिवाळीनंतर काचबिंदूमुळे डॉक्टरांनी माझं वाहन चालवणं बंद केलं, हे आपण जाणताच. (समोरचं लख्ख दिसतं, बाजूचं दिसत नाही. पुण्यात बाजूचं बघून गाडी चालवतं कोण, असं मी त्यांना विचारलंही. ते हसले नाहीत.) पुढचे तीन महिने मी घरात कसा वागलो ते आनंदीनं आपल्याला सांगितलं असेल, आणि कमी करूनच सांगितलं असेल. रोज साडेपाचला आम्ही दोघं स्कूटरवरून कुठंतरी जायचो, ते थांबलं. त्या वेळी ती एका खोलीत आणि मी दुसऱ्या, असं सुरू झालं. भांडायलासुद्धा काही विषय उरला नाही. शेवटी आमची नात सुरुची शिकायला बेंगळुरूला जाताना टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र ठेवून गेली आणि म्हणाली, "आजोबा, रेसिंग गेम आहे, पण रेस कम्पल्सरी नाहीये. नुसतं फिरा."

तेव्हापासून, श्रीनिवासराव, आम्ही रोज साडेपाचला समुद्राकाठच्या रस्त्यानं जातो. देश कुठला ते माहीत नाही. पाट्या वाचता येत नाहीत, पण ऊन सदैव उतरतीचं असतं आणि रस्त्याला एकही खड्डा नाही (म्हणजे आपला देश नव्हे, एवढं नक्की). आनंदी सोफ्यावर माझ्या शेजारी बसते, साडी बदलून, मांडीवर पर्स घेऊन. वारा लागावा म्हणून मी पंखा तीनवर करतो, मग वारा लागतो म्हणून ती शाल पांघरते. मी चाळीसच्या वर जात नाही. बाकीचे लोक भर्रकन येतात, आपल्याला धडकतात आणि न थांबता निघून जातात, तेव्हा तेवढं मात्र अगदी घरच्यासारखं वाटतं. पुढे एक बोगदा लागतो. बाहेर पडलं की एकदम खाली सगळा समुद्र पसरलेला, आणि आनंदी रोज, अगदी रोज म्हणते, "आला गं बाई!" त्या क्षणी मी किती वर्षांचा आहे, डोळ्यांत किती थेंब घालायचे राहिलेत, हे काही म्हणजे काही आठवत नाही. गाडी मी कडेला घेतो. थर्मासमधला चहा तिथंच प्यायचा, हे ठरलेलं आहे.

आता या सुखाला लागलेली कीड सांगतो. खेळाची तबकडी सुरुचीनं दुकानातून रीतसर पावती घेऊन आणलेली. तरी ती यंत्रात घातली की आधी इंटरनेट मागते. मी माझ्या घरात, माझ्या तबकडीवर, कुठल्याशा डोंगरात चाळीसच्या वेगानं जाणार, त्याला साता समुद्रापलीकडचा साक्षीदार कशाला? पण तो नसेल तर गाडी हलत नाही. आमच्या पेठेत तर रस्ता खणला की इंटरनेट जातं, आणि रस्ता कधी खणलेला नसतो? गेल्या महिन्यात ऐन बोगद्यात संपर्क तुटला. पडद्यावर अंधार आणि एक गोल फिरतोय. आनंदी अर्धा तास शाल पांघरून बसून राहिली, कारण मध्येच उतरायचं कसं, असं तिला वाटलं. (मलाही वाटलं.)

त्यात या कंपनीला सारखं काहीतरी विकायचं असतं. लाल गाडी हवी? हिरे घ्या. हिरे हवेत? पैसे भरा, आणि पैसे भरूनही गाडी मिळत नाही, एक बंद पेटी मिळते. मी एकदाच पेटी घेतली. तिच्यातून बोनेटवर चिकटवायचा एक ड्रॅगन निघाला. तो चिकटवायला पुन्हा हिरे. असला व्यवहार जत्रेतला चक्रीवालासुद्धा भरदिवसा करणार नाही. पण नंतर एके दिवशी आपोआप, काही न मागता, एक आकाशी रंगाची उघडी गाडी आमच्या नावावर आली. काय सांगू, आम्हाला फार आनंद झाला! उभ्या जन्मात चारचाकी घेणं झालं नव्हतं. आनंदीनं टीव्हीला हळदकुंकू वाहिलं, कोपऱ्यात स्वस्तिक काढलं, मी उंबऱ्यावर नारळ फोडला, टीव्हीखाली लिंबू ठेवलं. आणि इथं चूक झाली. नवी गाडी म्हटल्यावर पेढे वाटावे लागतात, ते आम्ही इमारतीत घरोघर वाटले. कुठली गाडी म्हणून विचारलं तेव्हा आनंदीनं रंग सांगितला. सगळं खरंच सांगितलं. आमचे चेअरमन अवधूतराव इतके गहिवरले, की त्यांनी दुसऱ्याच दिवशी पार्किंगमधली चार नंबरची जागा आमच्या नावे करून भिंतीवर रंगानं "दीनानाथ" लिहवून घेतलं.

सातव्या दिवशी गाडी गेली. चोरीला नाही, ती आठवडाभर चालवून बघायला दिली होती म्हणे, आता ठेवायची तर हिरे. मी तक्रार केली. उत्तर आलं, की आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. अवधूतराव रोज जिन्यात विचारतात, "काय, गाडी सर्व्हिसिंगला का?" मी हो म्हणतो. सर्व्हिसिंगला जाऊन पाच आठवडे झाले.

हेही मी सोसलं असतं. पण परवा पडद्यावर सूचना आली, की या महिन्याच्या एकतीस तारखेनंतर कंपनी हा खेळच बंद करणार. त्यानंतर तबकडी घातली तरी काही उघडणार नाही. पावती आमच्याकडे, तबकडी आमच्याकडे आणि रस्ता त्यांच्याकडे! मी त्यांना इंग्रजीतून लिहिलं, की आमची महानगरपालिका कितीही वाईट असली तरी रस्ता बंद करताना पर्यायी मार्गाची पाटी लावते. (ती पाटी आपल्याला भलतीकडे नेते, हा भाग मी कळवला नाही. परक्यांना कशाला?) सुरुचीला फोन केला, तर ती म्हणाली, "आजोबा, सर्व्हर डाऊन म्हणजे डाऊन. दुसरा गेम घ्या ना." तिला काय सांगणार? दुसऱ्या खेळात दुसरा समुद्र असेल. मला वाईट वाटतं, श्रीनिवासराव, फार वाईट वाटतं. एक तारखेला साडेपाच वाजतील, आनंदी साडी बदलेल की नाही, हे मला विचारायचं धाडस होत नाही. पुन्हा ती त्या खोलीत आणि मी या खोलीत, हे मला नको आहे.

असो. वहिनींना नमस्कार. उत्तराची अपेक्षा नाही, आपल्या दुपारच्या झोपेत व्यत्यय नको.

आपला,
दीनानाथ

ता. क. : डॉक्टरांनी मनाई केल्यापासून माझी स्कूटर आपल्या पार्किंगमध्ये आणि किल्ली आपल्या कपाटात आहे. ती एका रविवारपुरती गुपचूप द्यावी. पानशेतपर्यंतच जाऊन येईन. तिथं समुद्र नाही, पण पाणी आहे. सकाळी सहाला बाजूनं कोणी येत नाही, तेव्हा बाजूचं दिसलं काय नि न दिसलं काय. आनंदीला यातलं काही कळू देऊ नये.

ता. क. दुसरा : पत्र टपालात टाकायला आनंदीकडेच देत आहे, कारण पेटीपर्यंतचा रस्ता ओलांडायला ती मला एकट्याला सोडत नाही. पाकीट नीट चिकटवलं आहे.

*

दादास, आनंदीचा नमस्कार. पाकीट उघडू नकोस असं यांनी दोनदा सांगितलं, म्हणून उघडलं. किल्ली यांना मुळीच देऊ नकोस, मला दे. मंगळवारी भजनाला म्हणून जाते ती मी तुमच्या कोथरूडलाच येते, बायकांच्या स्कूटरच्या क्लासला. शिकाऊ लायसन्स मिळालं आहे, पक्क्याची परीक्षा अठ्ठावीस तारखेला आहे. चाळीस वर्षं मी यांच्या मागे बसून पानशेतला गेले, पण रस्ता म्हणून कधी पाहिला नाही, यांची पाठ पाहिली. समोरून रस्ता कसा येतो, ते त्या टीव्हीपुढे बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं, आणि तेव्हाच मी क्लासला नाव घातलं. यांना अजून सांगितलेलं नाही. एक तारखेला साडेपाचला खाली हॉर्न वाजवीन, तेव्हा कळेल.