चौकटीतला चौथा

रवि., ४ जाने.
सूसच्या फोटोगटातून आत्ताच आले. जेवायच्या आधी लिहून काढते, नाहीतर रात्रीपर्यंत डोक्यात घोळत राहील.
आज गटात माझे फोटो पडद्यावर होते. आम्हाला शिकवणाऱ्या लीनाताई आधी काहीच बोलेनात. मग म्हणाल्या, "पाठ. पाठ. ही मान. परत पाठ. माणसं तुला बघून वळतात, की ती वळेपर्यंत तू थांबतेस?" सगळे हसले. जांब्याहून येणारा निखिल सगळ्यात जोरात.
मी म्हटलं, न विचारता कोणाचा चेहरा घ्यायला मला बरं वाटत नाही. ताई म्हणाल्या, मग विचार. पण विचारून झालं की क्लिक करून पळू नकोस. थांब. आणि अजून पुढे जा, लांबून चोरून घेतल्यासारखं दिसतंय सगळं.
बरोबरच आहे. तेच तर लागतं.
गटात 'छान' म्हणायला बंदी आहे. फोटो काय सांगतो, कुठे अडतो, पुढे काय करून बघायचं, एवढंच बोलायचं. नियम मला पटतो. तरी आज कोणी चुकून एकदा म्हणालं असतं तर...
महिनाअखेरीला क्लबहाउसमध्ये प्रदर्शन. प्रत्येकाचा एक फोटो, तोही ताईंनी पास केला तरच. मागच्या वर्षी माझ्या नावाची पट्टी लागली होती आणि वर नुसती भिंत. पट्ट्या आधीच छापून घेतल्या होत्या म्हणे. या वर्षी तसं झालं तर गट सोडायचा. हे कोणाला सांगितलेलं नाही.

मंगळ., ६ जाने.
ऑफिसातून येताना पिरंगुटला थांबले. विचारून फोटो. विचारलं की माणूस संपतो. चहावाल्याने गॅस बारीक केला, शर्टाची बटणं लावली, केसांवरून हात फिरवला आणि आधारकार्डाला उभा राहतो तसा उभा राहिला. वाफ गेली. त्याला कसं सांगणार, की दादा, मघाशी होतात तसेच व्हा? घेतला फोटो. थँक्यू म्हटलं. तो म्हणाला, "आला का चांगला?" हो म्हटलं. खोटं.
चपलांच्या दुकानातल्या बाईने तर आतून मुलाला आणून पुढ्यात उभं केलं.
न विचारता पाठी. विचारून पुतळे. मधलं काही जमत नाही.
बाबांनी विचारलं, काय म्हणाल्या मॅडम? चौथीपर्यंत मला बाबांनीच घरी शिकवलं, त्यांच्या धरणाच्या कामांवर जवळ शाळा नसायची. चूक दिसली की ते बोलायचे नाहीत, वही परत सरकवायचे. चूक मी शोधायची. म्हणून ताई गप्प झाल्या की अजूनही मी माझी चूक शोधायला लागते. बाबांना म्हटलं, चाललंय.

शनि., १० जाने.
घोटवडे फाटा. संक्रांतीचा माल आलाय, ऊस, गाजरं, हरभऱ्याच्या जुड्या. रस्त्याकडेला पोत्यावर तिघीजणी बोरं निवडत बसल्या होत्या. वरच्या वाडीतल्या. उजेड तिरका, तिघींच्या हातांवर. गेले आणि विचारलं.
मोठी, बायडामावशी, म्हणाली, "काढ की. पन तिघींचा न्हाई काढायचा."
मी म्हटलं, मग दोघींचा काढू का? तर म्हणे, आन तिसरी काय नुसती बघत बसंल व्हय? इकडे तिकडे बघितलं आणि शेजारी मोबाइलमध्ये पत्ता शोधत उभ्या असलेल्या डिलिव्हरीवाल्याची बाहीच धरली. "ए दादा, ये हितं. चौथा हो." तो हेल्मेटातून म्हणतोय, "आंटी, ऑर्डर लेट हो जाएगा." मावशी सोडेचना. मधली, कांतामावशी, मान मागे टाकून हसायला लागली. तिसरी सुमन, बायडामावशीची सून, तिने पदर तोंडात धरला. माझ्याकडून बटण कधी दाबलं गेलं मला कळलंसुद्धा नाही.
नंतर चौघं नीट उभे राहिले. तोही काढला. तो पुतळ्यांचा.
निघताना मी विचारलं, तिघींचा का नाही? बायडामावशी बोरं निवडता निवडता म्हणाली, "आमच्या घरात निगालाय तसा एक. तिघी जावा व्हतो. आता आमी दोघीच हाये, मी आन ही कांता."
मी म्हटलं, मावशी, चौघांचाच ठेवीन. आपणहून म्हटलं. कोणी मागितलं नव्हतं.

रवि., ११ जाने.
हसऱ्यांचा फोटो दाखवला. ली.ताई पुन्हा गप्प. मी चूक शोधायला लागले. पण यावेळी खुर्ची पुढे ओढून बसल्या.
म्हणाल्या, हा फोटो आहे. पहिल्यांदा तू तिथे आहेस. हात आहेत, हसू आहे, मधलीचा गळा बघा. मग उठून पडद्यावर आडवा हात धरला आणि उजवीकडचा भाग झाकला. "हा गेला पाहिजे. हेल्मेट चमकतंय, नजर तिकडेच घसरते. हा हललाय, अर्धा आहे, चेहरा नाही. मोठीच्या मनगटापाशी काप. मग बघ."
पडद्यावर तिघी राहिल्या. खरंच, फोटोत दुप्पट जीव आला. निखिलसुद्धा म्हणाला, आता बसला. ताई म्हणाल्या, असा दे, पहिल्या भिंतीवर लावू.
पहिल्या भिंतीवर.
मी सांगितलं की त्यांना तिघींचा नको होता. कोणीतरी "हो, आमची आजीपण" म्हणून हसलं. ताई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, तुझ्या मनाला लागतंय ते मी समजू शकते, पण बघणाऱ्याला ते माहीत नाही. बघणाऱ्याला हेल्मेट दिसतं.
येताना लवळ्याच्या रस्त्याला गाडी बाजूला घेऊन रडले. राग कोणाचा ते ठरवता येईना. ताई चुकल्या असत्या तर सोपं होतं.

मंगळ., १३ जाने.
भोगी. आईने बाजरीची भाकरी केली होती, दोन घास खाऊन पळाले. ठरवलं होतं, तोच फोटो परत घ्यायचा, चौथं माणूस नीट असलेला. फाट्यावर गर्दी. तिघी होत्या. मला बघताच बायडामावशी म्हणाली, "आली गं फोटोवाली," आणि तिघींनी डोक्यावर पदर घेतले, हात मांडीवर ठेवले, तोंडं मिटली. चौथी म्हणून शेजारची गाजरवालीही आधीच येऊन बसली. मला आनंद व्हावा म्हणून सगळं. किती तरी फोटो काढले. सगळे मेलेले.
ऊन गेलं. त्यांनी ओंजळभर बोरं दिली मला, नको म्हटलं तरी.
घरी येऊन आधीचाच फोटो ताई म्हणाल्या तसा कापून बघितला. बघत बसले. फार चांगला आहे. माझ्या हातून असा पुन्हा निघेल असं वाटत नाही. कापायला काय लागतं? एक रेघ ओढायची. त्या कधी सूसला येणार आहेत?
हे मी लिहिलं. खोडत नाही.

मंगळ., २० जाने.
आठवडाभर टाळून शेवटी विचारायला गेले. मोबाइलवर दोन्ही दाखवले, आधी पूर्ण, मग कापलेला. पूर्ण बघून तिघी पुन्हा हसल्या, डिलिव्हरीवाल्याला शिव्या घातल्या, बिचारा कसा पळाला म्हणून. कापलेला बघितला आणि हसू थांबलं.
मी म्हटलं, मावशी, प्रदर्शनात असा मागतायत. तुम्ही नको म्हणालात तर नाही देणार.
बायडामावशी म्हणाली, "तुजं काम हुतंय का त्यानं?" हो म्हटलं. तशी तिने मोबाइल मला परत दिला. नाही म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं, माझ्यासाठी गिळलं, ते दिसत होतं. सुमन खाली बघून देठं खुडत बसलेली.
मग कांतामावशी म्हणाली, "असं कर पोरी. मला काप. ह्या दोघी ऱ्हाऊ दे. सुमन अजून लहान हाय."
ती मध्ये बसलीय. मधलं माणूस कापता येत नाही. आणि फोटो आहे तो तिचाच, तिच्या हसण्याचा. हे मला सांगता आलं नाही. बघते म्हणाले आणि गाडीला किक मारली, दोनदा, चालूच होईना.
विचारायला गेले हेच चुकलं. न विचारणंही चुकलंच असतं.

गुरु., २२ जाने.
ली.ताईंना लिहिलं, मी पूर्ण देणार, हेल्मेटसकट. कारणही लिहिलं, कांतामावशी काय म्हणाली तेसुद्धा. दिवसभर उत्तर नाही. ऑफिसात एकच तक्ता तीनदा चुकला.
संध्याकाळी आलं. "तू दिलेला शब्द तुझा आहे, तो मी मोडायला सांगणार नाही. पण भिंतीजवळ उभी राहून तू हे प्रत्येकाला सांगणार नाहीस. तो माणूस तिथे का हवा, हे फोटोतच दिसायला पाहिजे. दिसत असेल तर लावीन. रविवारी मोठा प्रिंट घेऊन ये. मी पुन्हा कोऱ्या नजरेने बघेन."
नाही म्हणाल्या असत्या तर एकदाची भांडले तरी असते.

शनि., २४ जाने.
प्रिंट आणला. मोठा केल्यावर हेल्मेट अजूनच चमकतं. पण मोबाइलवर न दिसलेलं एक दिसलं. मला वाटत होतं बायडामावशीने त्याची बाही धरलीय. बाही नाही, मनगट धरलंय. घट्ट, बोटं रुतलीत. तोंडावर हसू आहे, पण हातात नाही. ताईंनी जिथे कापायला सांगितलं, बरोबर तिथेच.
की मला दिसावंसं वाटतंय म्हणून दिसतंय? मघापासून इतक्या वेळा बघितलंय की आता काहीच कळत नाही.
बाबांना दाखवला. म्हणाले, हा माणूस कशाला आलाय मध्ये, सांगायचं ना त्याला बाजूला व्हायला.
आई पोळ्या लाटत होती. पिठाचे हात लागू नयेत म्हणून लांबूनच, मान तिरकी करून बघितलं. मी काही बोलले नाही, मुद्दाम. आई म्हणाली, "तिघीच होत्या वाटतं. मग बरं केलं, ओढून घेतला."
आईला कळणारच. तिघींचा फोटो काढत नाहीत, हे तिला लहानपणापासून माहीत आहे. मग तिचं बघणं धरायचं की नाही?
प्रिंट दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून दोरीने बांधलाय. उद्या दहा वाजता सूस.