बुडालेल्या खंडाचे गोटे

अड्यार, चेन्नई

प्रिय वाणी,

रविवारी तुझ्या अम्मांकडे गेले होते, तीन वर्षांनी. दार उघडून त्या म्हणाल्या, “काय गे शर्मिष्ठा, वाणी गोव्यास गेली म्हणून आम्हांसही टाकलीस?” चिंचेचं आंबट-तिखट वत्तकुळंबू आणि भात पोटभर जेवले आणि तिथेच सोफ्यावर गाढ झोपले. अशी झोप फार वर्षांनी लागली.

आपलं प्रयोगशाळेतलं शेवटचं वर्ष आठवतं? अंटार्क्टिकाच्या वाटेवर, समुद्रतळाशी, लाव्हाच्या जाड थरांखाली ते छोटं खंड बुडालेलं. त्या थरांमध्ये अडकलेले, कधीकाळी नदीने वाहून आणलेले गोटे ड्रिलिंगमधून वर आले आणि त्यांच्या चकत्या आपल्याकडे पोचल्या. तू त्यांचं वय काढलंस. ते पूर्व घाटातल्या खडकांशी जुळलं. म्हणजे भारत उत्तरेला सरकला तेव्हा आपल्याच किनाऱ्याचा तो तुकडा तुटून मागे राहिला. त्या शोधनिबंधाने तुझं नाव झालं. माझंही होतं त्यावर, दुसरं.

त्या चकत्या यंत्रात जाण्याआधी तू कॅन्टीनला गेली होतीस. माझ्या हातून त्यांचा ट्रे पडला, आणि त्याच्या धक्क्याने शेजारचा, तुलनेसाठी ठेवलेला पूर्व घाटातल्या चकत्यांचा ट्रेही. सगळ्या चकत्या मिसळल्या; दोन्हींत गार्नेट खनिजाचे तेच लालसर ठिपके. मी अंदाजाने सगळ्या परत लावल्या आणि गप्प बसले. तेव्हापासून अकरा वर्षं मला वाटत आलं, की तू घाटातलाच दगड मोजलास आणि तुझं सगळं नाव माझ्या चुकीवर उभं आहे. म्हणून संशोधन सोडून मी कॉलेजात शिकवायला लागले. तुझ्या सत्काराच्या दिवशी मला ताप नव्हता. तुझ्या नव्या समुद्रसफरीचं बोलावणंही मी तीनदा उगाच टाळलं.

जूनमध्ये परदेशातल्या नमुनासाठ्याला पत्र लिहून मी त्याच गोट्यांचा राखून ठेवलेला अर्धा भाग मागवला आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासायला दिला. शुक्रवारी दुपारी उत्तर आलं. तेच वय. तुझं म्हणणं खरं आहे, वाणी. स्टाफरूममध्ये मी ते उत्तर दोनदा वाचलं.

निकाल उलटा आला असता तर हे तुला लिहिलं असतं का? बहुधा नाही. सोबत न्यायची बाई कशी आहे ते तुला आधी ठाऊक असायला हवं, म्हणून होकार कळवण्याआधी हे पत्र. सगळं वाचूनही मी तुला जहाजावर हवी असेन, तर मी येते.

तुझीच,
शर्मिष्ठा